डिसेंबरपर्यंत थांब

कॅरेन तुस्कानो वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये इतिहास शिकवायची, तेव्हा तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो याचं सगळ्यांना कौतुक होतं. ऑस्ट्रेलियात तोच आवाज नडला. आधी काही वर्षं तिने चाइल्डकेअरमध्ये काढली, मग शिक्षकाचं रजिस्ट्रेशन मिळवलं आणि शेवटी मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आपल्या घराजवळच एका हायस्कूलमध्ये लागली.

तिथल्या इतिहास विभागाचा प्रमुख ग्रॅहम. मुलांशी हसून-खेळून वागणारा, पालकांचा लाडका. स्टाफरूममध्ये मात्र कॅरेन आत आली की तो तिच्या उच्चारांची नक्कल करायचा. “कॅरेन, कितवं व्हर्ल्ड व्हॉर चाललंय तुझं?” दोघं-तिघं हसायचे. तीही हसायची. नव्या देशात माणूस बऱ्याच गोष्टींवर हसतो.

मग एका वर्षी तिच्याकडचा बारावीचा वर्ग गेला. तुझं बोलणं मुलांना कळत नाही अशी पालकांची तक्रार आहे, असं ग्रॅहमने सांगितलं. अर्धे पालक पुण्याचे नाहीतर पंजाबातले. त्यातल्या कोणाला कळत नव्हतं, हे विचारायला ती गेली. तो फोटोकॉपीच्या मशीनपाशी उभा होता. मान वर न करता म्हणाला, “तुला इथे घेतलंय ते शाळेच्या ब्रोशरमधल्या फोटोसाठी. बारावीसाठी नाही.”

मशीनमध्ये कागद भरत होता गॅविन डाबरे. त्याने सगळं ऐकलं.

गॅविन म्हणजे कॅरेनच्या मावसबहिणीचा, डेझीचा नवरा. दोघं पहिल्यांदा मेलबर्नला आले तेव्हा कित्येक महिने कॅरेनच्याच घरी होते. त्यांचा जॉर्डन तिच्याच हॉलमध्ये चालायला शिकला. या शाळेत इतिहासाचा शिक्षक म्हणून गॅविनचं नाव सुचवलं तेही तिनेच. त्यामुळे तक्रार केल्यावर प्रिन्सिपल बाईंनी “हे कोणी ऐकलं का?” असं विचारलं, तेव्हा कॅरेनने एका क्षणाचाही विचार केला नाही. “गॅविनने,” ती म्हणाली.

त्या रविवारी गॅविन आणि डेझी जेवायला आले. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही.

“मी खोटं बोलणार नाही,” शेवटी गॅविन म्हणाला. “मी फक्त म्हणेन, कामात होतो, नीट लक्ष नव्हतं.”

“म्हणजे खोटंच ना?”

“कॅरेन, माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय. पर्मनंट करायचं की नाही ते ग्रॅहम ठरवणार. मी तुझ्याविरुद्ध नाहीये. त्याच्याही बाजूने नाही. डिसेंबरपर्यंत थांब, मग मी तुझ्याबरोबर उभा राहीन. प्रॉमिस.”

“आणि तोपर्यंत मी काय करू?”

डेझीने टेबलावरच्या प्लेट्स उचलायला घेतल्या. कॅरेनचा नवरा फॅबियन उठला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच आठवड्यात कॅरेनला दहावीच्या वर्गात पहिलं महायुद्ध शिकवायचं होतं. युरोप पेटल्यावर अमेरिका जवळजवळ तीन वर्षं बाहेर का राहिली, हा धडा. तिने मुलांनाच कारणं विचारली. मध्ये एवढा मोठा समुद्र, कोणीतरी म्हणालं. जर्मन आणि आयरिश वंशाचे लोक तिथे लाखांनी, त्यांना ब्रिटनसाठी कसं लढायला लावणार? लढणाऱ्यांना माल विकून कारखाने जोरात. तोंडावर निवडणूक, आणि मतं मागायची ती ‘आम्ही तुम्हाला युद्धापासून लांब ठेवलं’ असं सांगून. फळा भरला.

“मिस, आपण तर पहिल्याच दिवशी गेलो,” एक मुलगा म्हणाला. त्याच्या पणजोबांचं नाव गावातल्या स्मारकावर होतं.

“आपल्याला कोणी विचारलंच नाही,” कॅरेन म्हणाली. “ब्रिटन गेलं म्हणून ऑस्ट्रेलिया गेली. हिंदुस्थानही तसाच गेला. थांबायचं की नाही हे ठरवायलाही हातात सत्ता लागते.”

पहिल्या बाकावरच्या सावनीने हात वर केला. “पण मिस, ही सगळी कारणं बरोबरच वाटतात. मग त्यांचं काही चुकलं नाही?”

कॅरेन फळ्याकडे बघत राहिली. खरंच, त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. “कारणं बरोबर आहेत,” ती म्हणाली. “परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. फक्त त्या तीन वर्षांत जे मेले त्यांना ती सांगायला कोणी गेलं नाही.”

चौकशी झाली. गॅविनचं नीट लक्ष नव्हतं. पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं आणि दोघांनीही एकमेकांशी आदराने वागावं, असा सल्ला कॅरेनला आणि ग्रॅहमला सारखाच मिळाला. त्यानंतर स्टाफरूममध्ये तिच्या टेबलाशी कोणी बसेना. ग्रॅहम रोज “गुड मॉर्निंग” म्हणायचा, इतकं स्पष्ट की तिला त्याची भीती वाटू लागली. वर्गात बोलताना ती प्रत्येक शब्द आधी मनात म्हणून बघायची. एके सकाळी गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये लावून ती बराच वेळ नुसती बसून राहिली, मग तशीच घरी परतली. सप्टेंबरच्या सुट्टीत तिने राजीनामा दिला.

डिसेंबरमध्ये गॅविन पर्मनंट झाला.

पुढच्या वर्षी दोन तरुण शिक्षिकांनी ग्रॅहमविरुद्ध तक्रार केली. एकीने त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्डच केलं होतं. त्याचं आता काही खरं नाही हे शिपायापासून सगळ्यांना कळलं होतं. तेव्हा गॅविन पुढे झाला. कॅरेनच्या बाबतीत काय घडलं ते त्याने शब्दन् शब्द सांगितलं. त्याला सगळं आठवत होतं, ब्रोशरसुद्धा. ग्रॅहम गेला आणि विभाग गॅविनकडे आला. वर्षअखेरच्या समारंभात त्याच्या धैर्याबद्दल टाळ्या वाजल्या, तो फोटो डेझीने फॅमिली ग्रुपवर टाकला.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

“बघ, मी म्हटलं होतं ना, उभा राहीन म्हणून. आता परत ये. बारावी तुलाच देतो.”

“तू देतोस?”

“म्हणजे... आपण मिळून लढलो ना, कॅरेन.”

तिने फोन ठेवला.

आता ती कुठल्या ना कुठल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते. सकाळी फोन येतो तिकडे जायचं, कधी वेरिबी, कधी त्याच्याही पलीकडे. इतिहास क्वचितच मिळतो, बहुतेकदा नुसतं मुलांवर लक्ष ठेवायचं काम. फॅबियन म्हणतो, जाऊ दे, सुटलीस. मावशी वसईहून फोन करते आणि म्हणते, गॅविनने एवढं केलं तुझ्यासाठी, तूच तुटक वागतेस.

ईस्टरला चर्चमध्ये गॅविन-डेझी आणि कॅरेन-फॅबियन नेमके पुढच्या-मागच्या बाकांवर आले. आजूबाजूच्यांशी हात मिळवून शांतीची खूण द्यायची वेळ झाली तसा गॅविन वळला, हसला आणि हात पुढे केला. “पीस बी विथ यू.” लोक बघत होते. कॅरेनने हात मिळवला. मग लगेच सोडवून घेतला.

हल्ली ती शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाते, दुसऱ्या चर्चमध्ये. तिथे तिच्या ओळखीचं कोणी नाही.