सुनंदाला कोणी सांगितलंच नाही

फोन आला तेव्हा मी आमगावला घरी बाळासाठी दुपटी शिवत होते. "मुलगी झाली ताई, पण सुनंदा..." एवढंच तिचा नवरा बोलू शकला. ती गेली त्याला महिना उलटून गेला, माझा राग कमी होत नाही. लोक म्हणतात, नशीब. नशिबाला मध्ये आणू नका.

माझी ही धाकटी बहीण हसायला लागली की शेजारच्या घरात ऐकू जायचं. लग्नानंतर पाळी महिनोन्‌महिने येईना, म्हणून आम्ही तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली. "पीसीओडी है. पहले वजन कम करो, फिर बच्चे की बात करना." म्हणजे काय, असं सुनंदानं विचारलं. "समझ के क्या करोगी?" बारावी शिकलेली माझी बहीण मान खाली घालून बाहेर आली. बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, तरी दर वेळी आधी वजनाचा काटा आणि मग सगळ्या बायांसमोर बोलणी. या आजारात गरोदरपणी बीपी वाढू शकतं, सूज आली, डोकं दुखलं तर लगेच या, एवढं सांगायला किती वेळ लागतो हो?

मग सुनंदानं स्वतःच उपाय काढला. गावातल्या राइस मिलमध्ये धानाच्या काट्यावर आधी उभी राहायची. वजन आटोक्यात दिसलं तरच गोंदियाची गाडी धरायची. आठव्या महिन्यात वजन एकाएकी भलतंच वाढलं. तिनं भात सोडला आणि तपासणीही सोडली. फोनवर म्हणाली, "डोकं लय दुखून राहिलं ताई. पण थोडं उतरू दे, मंग जातो. मॅडम चारचौघात बोलते." ती चरबी नव्हती, बीपीची सूज होती. घरच्यांना हे कळलं ते तिला झटके आल्यावर.

"इतने दिन क्यों नहीं लाए?" गोंदियाला नेल्यावर डॉक्टरीणबाई सुनंदाच्या सासूवर ओरडल्या. सासू म्हणाल्या, "तुमी रागावता म्हणून." हे त्यांनीच मला सांगितलं.

परवा तिच्या घरी गेले. दाराशी तिची नवी चप्पल होती. जुनीत पाय जाईनात, म्हणून बाजारातून एक नंबर मोठी आणलेली. शेवटच्या तपासणीला ती हीच घालून गेली होती... काटा बघणाऱ्या बाईंनी पाय बघितले नाहीत. आत ठेवू का, असं सासूनं विचारलं. मी म्हटलं, राहू द्या तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्या.