साहेबांचा पहिला जॉब

कोणतीही वस्तू समोर आली की साहेब आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. चहाचा कप असो, कोथिंबिरीची जुडी असो, नाहीतर लग्नानंतर पहिल्यांदा घरी आलेला जावई असो. हात मागे, मान जरा पुढे, आणि डावीकडून सुरू करून एक पूर्ण फेरी. "आधी बघू," म्हणायचे, "हात काय, नंतरही लावता येतो." जावई बिचारा पायरीवर बॅग धरून फेरी संपायची वाट बघत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

साहेब म्हणजे आमच्या कारखान्यातले इन्स्पेक्टर, आणि मी टर्नर. या हिंदी मुलखात, इंद्रपुरी कॉलनीत आमची घरं समोरासमोर. मी लेथवर केलेला जॉब, म्हणजे जो काही शाफ्ट किंवा बुश असेल तो, त्यांच्या टेबलावर जायचा. ते त्याच्या कागदावर सही करायचे, नाहीतर जॉबवर लाल खडूने फुली मारून परत पाठवायचे. माप बरोबर असलं तरी कधीकधी फुली. कारण विचारलं तर म्हणायचे, "मन भरलं नाही." आता तुम्हीच सांगा, लोखंडाने माणसाचं मन कसं भरायचं? त्या फुल्यांपायी मी एकदा त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नाही. समोरासमोर राहून न बोलणं फार कष्टाचं काम आहे, करून बघा.

साहेब रिटायर झाले आणि सगळ्या कॉलनीच्या डोक्याला ताप झाला. तपासायला काही उरलं नव्हतं ना. मग ते कुणाच्याही घराबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे आणि गेटची बिजागरी तिरकी आहे म्हणून सांगायचे. तेवढ्यात साहेबांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये तो रंगीत ठोकळा लागला. सहा बाजू, सहा रंग, फिरवला की रंग विस्कटतात आणि परत जुळवायचे. मुलं ज्याला क्यूब म्हणतात तो. साहेबांनी तो महिनाभर फक्त बघितला. सगळ्या बाजू एकरंगी होत्या, म्हणजे जॉब पास होता. मग एका सकाळी वहिनींनी धूळ पुसताना तो चार वेळा फिरवला.

वहिनींच्या कामावर फुली मारायची हिंमत साहेबांत नव्हती. म्हणून ते स्वतःच जुळवायला बसले. आठ महिने लागले. कारखान्यात असतो तसा त्यांनी त्याचा प्रोसेस शीट, म्हणजे एकेक पायरीचा कागद, बनवला. ऑपरेशन दहा, पांढरी अधिकची खूण. ऑपरेशन वीस, पांढरे कोपरे. ऑपरेशनचे आकडे दहा-दहाने वाढवायचे, म्हणजे मधे एखादं घुसवायचं झालं तर जागा राहते. साहेबांनी मधे इतकी घुसवली की जागाच उरली नाही, आणि शेवटी शीट एकशे सत्तेचाळीसपर्यंत गेला.

मग एके दिवशी ते माझ्याकडे फॉर्म घेऊन आले. शिवाजी नगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये क्यूब जलद जुळवायची स्पर्धा होती. मी हसलो, आणि हसलो ते जरा मागच्या फुल्या आठवूनच हसलो. साहेबांनी हसू संपेपर्यंत वाट बघितली.

"तू आयुष्यभर काहीतरी बनवलंस रे," ते म्हणाले. "मी नुसत्या सह्या केल्या. एक तरी जॉब माझ्या हातचा असावा, आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करावी. एवढंच हवंय."

मी रविवारी स्कूटर काढली.

हॉलमध्ये शंभरेक पोरं आणि त्यांच्या आया. साहेब इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. एका बाईंनी त्यांना अदबीने विचारलं, अंकल, आपका बच्चा कौन सा है? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि त्या बाईंनी मला ऑल द बेस्ट दिलं.

नियम सोपे होते. पाच डाव, प्रत्येक डावाला दहा मिनिटांची मर्यादा. विस्कटलेला क्यूब झाकणाखाली आणून ठेवायचे. झाकण उचललं की नुसतं बघायला पंधरा सेकंद. मग टेबलावरच्या घड्याळावर हात ठेवून ते सुरू करायचं, क्यूब जुळवायचा, खाली ठेवायचा आणि घड्याळावर हात मारून ते थांबवायचं. त्यानंतर जज क्यूब तपासणार आणि कार्डावर सही करणार. साहेबांच्या टेबलाला जज म्हणून कॉलेजातली एक मुलगी होती, शाहपुऱ्याची. साहेब तिला मॅडम म्हणत होते. इन्स्पेक्शनला फक्त पंधरा सेकंद हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. एका शाफ्टला ते अख्खी दुपार घ्यायचे.

पहिल्या डावात झाकण उचललं. साहेबांनी हात मागे बांधले आणि डावीकडून फेरी सुरू केली. मुलगी ओरडली, आठ सेकंद. साहेब थँक यू म्हणाले. मुलगी ओरडली, बारा सेकंद. साहेब परत थँक यू म्हणाले. ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला पोचले तेव्हा डाव बाद झाला होता. क्यूबला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या डावात ऑपरेशन साठनंतर काय ते आठवेना, आणि शीट बघायला परवानगी नव्हती. दहा मिनिटं संपली. तिसऱ्यात ऑपरेशन एकशे दहा दोनदा झालं आणि सगळं मुसळ केरात. शेजारच्या टेबलांवर पोरं बारा-बारा सेकंदांत उठून जात होती. पोहे-जिलेबीची सुट्टी झाली, तरी साहेबांचं चालूच. मग काय, पोरं प्लेटा घेऊन आमच्याच टेबलाभोवती जमली.

चौथ्या डावात क्यूब जुळला. देवाशपथ जुळला. सहाच्या सहा बाजू, घड्याळात आठ मिनिटं आणि वर काही सेकंद. साहेबांनी तो हळूच खाली ठेवला. आता फक्त घड्याळावर हात मारायचा होता. पण साहेबांनी हात मागे बांधले आणि तयार जॉब तपासायला निघाले.

घड्याळ पळतंय. बाहेरच्याने काही सांगितलं तर डाव बाद, म्हणून मी रुमाल तोंडात कोंबला. जज मुलीने ओठ दाबून धरले होते. पोरांच्या हातातल्या जिलेब्या तशाच राहिल्या. साहेबांनी एक फेरी घातली. मन भरलं नाही. दुसरी घातली. खाली वाकून कडा बघितल्या. तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि दहा मिनिटं संपली. हॉलभर असा हाय हाय झाला की आयोजक धावत आले.

साहेब खुर्चीवर बसले. मला आता वाईट वाटायला लागलं होतं, खरंच. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, साहेब, तपासणं तुमचं काम नाही आज. ते तिचं काम आहे. तुम्ही करा आणि सोडून द्या.

"न बघता?" त्यांनी विचारलं. वहिनींना विहिरीत ढकलायला सांगितल्यासारखा आवाज होता.

पाचवा डाव. झाकण उचललं, साहेब खुर्चीतून उठले नाहीत. मागे जाऊ पाहणारे हात त्यांनी गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. मग घड्याळ सुरू झालं. त्यांचे ओठ हलत होते, दहा, वीस, तीस. आठ मिनिटं गेली. शेवटचा झटका दिला, क्यूब टाकला, घड्याळावर हात मारला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मॅडम, देख लीजिए," ते भिंतीला म्हणाले.

मुलीने वाकून सावकाश बघितलं. सगळे रंग जुळले होते, पण वरचा थर थोडा तिरका राहिला होता. ती चाचरत म्हणाली, "अंकल, सॉरी, दो सेकंड की पेनल्टी लगेगी."

साहेब गर्रकन वळले. मला वाटलं आता खचतात. त्यांनी तो तिरका थर बघितला, मुलीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "पकडलं," ते मला म्हणाले, "बघ, तिने पकडलं!" मग सहीसाठी स्वतःचं पेन तिच्यापुढे धरलं. तिने आठ मिनिटं छप्पन्न सेकंद लिहिले, दंड धरून, आणि सही केली. यादीत नाव शेवटून पहिलं आलं. पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पहिल्या आलेल्या मुलाने येऊन आपलं कुठे चुकलं का विचारलं.

परत येताना साहेब मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तुझे जे जॉब परत पाठवले ना," ते म्हणाले, "त्यातला एक अगदी बरोबर होता. तेव्हाच कळलं होतं मला. फुली मारून झाली होती, पुसायला लाज वाटली."

मी स्कूटर बंदच केली. कोणता, म्हणून विचारलं. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. साहेब म्हणाले, नीट आठवून सांगतो.

ते आठवून सांगायच्या आतच गेले. होळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी चहा घेता घेता. समोरच्या घराला आता कुलूप आहे, वहिनी मुलीकडे राहतात. मीही रिटायर झालोय. दुपारी पडल्या पडल्या परत आलेला एकेक जॉब आठवतो, तो शाफ्ट, ते बुश, ती फ्लँज. दर वेळी वेगळाच बरोबर वाटतो. आधी फार चीड यायची, की एवढं एक सांगून जायला काय झालं होतं या माणसाला. आता कोणता ते नाही कळलं तरी चालेल. साहेब हवे होते.