खडूच्या पट्ट्या

दारव्ह्याला आमच्या गल्लीत राहणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना पियानोवाल्या बाई म्हणायचे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. कुण्या गोऱ्या साहेबाचा जुना पियानो त्यांच्या पुढच्या खोलीत चादरीखाली झाकलेला असे आणि माझी आठ वर्षांची कुसुम रोज दुपारी तिथे शिकायला जाई. दोन महिने झाले तरी त्या घरातून एक सूर ऐकू आला नव्हता. ऐकू यायचं ते बाईंचं एका लयीतलं, "एक, दोन, तीन. करंगळी झोपली!"

मला संशय येऊ लागला. एका दुपारी मी न सांगता आत शिरले. टेबलावर खडूने पियानोच्या पट्ट्या आखल्या होत्या. कुसुम त्यांवर बोटं चालवत होती आणि हात हलू नये म्हणून बाईंनी तिच्या पालथ्या हातावर चिंचोका ठेवला होता.

"पियानो काहून उघडत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"आवाज आला की मुलांचं बोटांकडे लक्ष राहत नाही," बाई म्हणाल्या.

मी सरळ चादर ओढली आणि झाकण उचललं. एक पट्टी दाबली तर बोट वाळवीच्या भुशात रुतलं. बाईंनी खाली पडलेली चादर उचलली आणि नीट घडी घातली.

"चाल घरी, कुसुम. फसवून राह्यल्या ह्या तुले."

कुसुम जागची हलली नाही.

"त्यायनं पहिल्याच दिवशी उघडून दाखवला मले," ती म्हणाली. "मीच म्हटलं, आईले सांगू नका."

मी एकटीच घरी परतले.