उरलेला शिरा

चष्मा कपाळावर ढकलायचा, तुमच्या चेहऱ्याऐवजी थेट पोटाकडे बघायचं आणि विचारायचं, "काल रात्रीपासून काय काय गेलंय आत? खरं सांग." आमच्या मॅडमचा सकाळचा नमस्कार हा असा.

दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत त्या हार्मोन्सवर संशोधन करायच्या आणि मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, शेवटचं काम उरलं होतं.

"अंगातली चरबी मुकी नसते रे," त्या सांगायच्या. "लेप्टिन नावाच्या हार्मोनातून ती मेंदूला कळवते, पुरे आता जेवण. कुठे सूज आली की लेप्टिन वाढतं, भूक मरते. त्यात ताणाच्या वेळी सुटणाऱ्या हार्मोनांपैकी कॉर्टिसॉल किती भर घालतं आणि ॲड्रेनॅलिन किती आवरतं, एवढंच बघायचंय मला."

सूज असलेल्या रुग्णांशी तुलनेला निरोगी माणसांचं उपाशीपोटी घेतलेलं रक्त लागायचं. रक्त दिलं की मॅडमच्या घरचा शिरा मिळे, केळं घातलेला, तुपाने चमकणारा. नोएडात एकटा राहून ब्रेड-अंड्यावर जगणाऱ्या मी विज्ञानाच्या प्रेमाने लगेच बाही वर केली.

आता माझी हुशारी ऐका. नेमकी त्याच आठवड्यात अक्कलदाढ सुजली. करोल बागेतला केमिस्ट म्हणाला, "ये लो भाईसाहब, शाम तक फिट!" आणि त्याने स्टेरॉइडच्या गोळ्या हातावर ठेवल्या. म्हणजे कॉर्टिसॉलचीच सख्खी भावंडं. मॅडम जे मोजत होत्या ते सगळं, सूज आणि वरून गोळी, अंगात भरून मी निरोगी माणसाच्या खुर्चीत जाऊन बसलो. शिऱ्यासाठी.

रक्त घेऊन झालं. शिरा आला. मी दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली.

"काय रे?"

"दाढ जरा दुखतेय, मॅडम."

"शिऱ्याला दाढ लागते?" चष्मा कपाळावर गेला. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं. "भूकच गेलीय तुझी. गोळी कुठली घेतलीस?"

सांगितलं. त्यांनी माझ्या रक्ताची नळी स्टँडमधून काढून बाजूला ठेवली.

तपासणीचं किट एकदाच उघडायचं होतं, सगळे नमुने एकदमच लावायचे होते. निरोगी लोकांमधला शेवटचा नमुना माझा. टेक्निशियन म्हणाला, "लगा दो ना मैडम, एक सैंपल से क्या होता है?"

"बीमार को हेल्दी लिख दूँ? बिल्कुल नहीं."

आणि त्या थांबल्या. निवृत्ती दारात उभी असताना माझ्या दाढेसाठी थांबल्या. डेंटिस्टकडे जाणाऱ्या ऑटोत मला स्वतः बसवलं, वर ड्रायव्हरला बजावलं, "रास्ते में इसको कुछ खाने मत देना."

दाढ निघाली, तोंड बरं झालं, गोळ्यांचा अंमल उतरला. मॅडमच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा खुर्चीत बसलो, खरोखरचा उपाशी. रक्त दिलं आणि शिऱ्याची वाटी बोटाने पुसून खाल्ली. त्या माझ्याकडे नाही, वाटीकडे बघत होत्या.

"आता किट उघड," त्या टेक्निशियनला म्हणाल्या.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांसाठी शिरा आणला होता. संध्याकाळी त्यांची नागपूरला परतायची गाडी होती. रिकाम्या टेबलावर त्यांची वाटी मात्र तशीच भरलेली. मी शेजारच्याचा चष्मा मागून घेतला, कपाळावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, कुठे सुजलंय?"

खूप हसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं किट नाही रे निघालं अजून," आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "घे, तू संपव."

मी दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. दाढ तर केव्हाच काढलेली होती.