विरजणवाल्या बाई

विरजणवाल्या बाई दारात आल्या की आधी माझं दह्याचं भगुनं हुंगायच्या. दही लागलं नसलं की वरडायच्या, "अगं, करंगळीला सोसेल एवढंच दूध कोमट कर म्हटलं होतं ना? जंतू उकडून मारलेस की!" जंतू मेल्यावर कुनी रागावतं व्हय? बाईंचं सगळं उलटंच.

लोहाऱ्याकडं आमची वस्ती, वस्तीला लागूनच जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी, अन् माझा नवरा तिथंच कामाला. माझ्या पोराचं, साहिलचं, पोट सारखं दुखायचं, शिकलेलं शब्द बी इसराया लागला. बाईंनी धाराशिवास्नं यिऊन पोरांचं रगत तपासलं, त्याच्यात शिसं निघालं. दवाखान्याचं औषध सुरू झालं, संगं बाईंनी दिल्याल्या विरजणाचं दही. म्हनल्या, "ह्यातले जंतू पोटातलं शिसं धरून ठेवतात, थोडंफार शौचावाटे बाहेर नेतात. थोडंफार हं. आम्हीही अजून तपासतोय."

म्या इचारलं, "पर बरा व्हईल न्हवं?"

"भट्टी पेटतीय तोवर खोटं कशाला सांगू तुला?"

आसं तोंडावर! सासू म्हनायची, "ह्या बाईच्या तोंडात साखर न्हायच."

भट्टीच्या मालकाला दह्याचं कळलं. त्यानं टेम्पो भरून दही आनलं, पोरांसंगं फोटो काढलं, "आता खुशाल ऱ्हावा" म्हनला. बाया हसत डबं घिऊन गेल्या, अन् म्या बी रांगंत! तेवढ्यात बाई आल्या, लालभडक. "माझं दही पुढं करून धूर सोडतोस? पोरं काय तुझी गाळणी आहेत?"

मालक हसला. "बाई, दही चांगलं म्हून तुमीच सांगितलं की."

भट्टी बंद करा म्हून बाईंनी धाराशिवला सायबाकडं तक्रार केली. अन् बंद काय झालं? भट्टी न्हाय, बाईंचं येनं! त्यांचं तपासायचं काम संपलं म्हनं. बाई जीपमदी बसताना म्या रडाया लागले, तर म्हनल्या, "रडू नको. पोराला माहेरी ठेव."

साहिलला अणदूरला आईकडं धाडलं. पर का? घर आमचं, पोरगं आमचं, अन् पळायचं बी आमीच?

काल मालकाचा मानूस दह्याचा डबा घिऊन आला. "घ्या वहिनी, पोरासाठी."

"पोरगं हितं न्हाय. मालकाला म्हनावं, तुमची नातवंडं आना हितं ऱ्हायला, त्यास्नीच चारा."

नवरा आतनं म्हनला, "येडी झालीस का? काम जाईल माझं!"

"जाऊ दे," म्हनले, अन् दार आडवून उंबऱ्यावरच बसले.