कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग

स्वतः पाहिल्याशिवाय जगातल्या कशावरही विश्वास न ठेवणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहायचा. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणत. जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन रिटायर झालेले. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी असली तरी बटण दाबून बघणारच. काकूंनी साखर घातली म्हटलं तरी चहाचा एक घोट ढवळण्याआधी आणि एक ढवळल्यावर. ‘‘अनुमान काढायची घाई करू नये,’’ हे त्यांचं पालुपद. जिन्यात ते मला वीसेक वेळा ऐकावं लागलं असेल, आणि वीसही वेळा माझी भाजी करपली.

स्वस्थ बसायचं सोडून ते खारी गावातल्या एका शाळेत जाऊ लागले. तिथली मुलं धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी कामावर जाणाऱ्या घरांतली. पुस्तकात जागोजागी ‘करून पहा’ असं छापलेलं, पण करून पाहायला शाळेत काहीच नाही, म्हणून मुलं तेसुद्धा पाठ करत. काकांनी सातवीच्या वर्गात कांदा हातात धरून विचारलं, ‘‘काय दिसतंय?’’ अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘विटांसारख्या रचलेल्या पेशी!’’ त्या दिवशी काका जेवले नाहीत. ‘‘न पाहिलेलं दिसतंय म्हणतात गं पोरं,’’ मला म्हणाले. सूक्ष्मदर्शक आणायचाच, असं तेव्हा ठरलं.

त्यांनी नोटीस बोर्डावर कागद लावला : ‘सातवीच्या मुलांच्या प्रयोगासाठी मदत करा.’ आमच्या गुजराती सेक्रेटरींना मराठी नाटकांचं भारी कौतुक. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, ‘‘काका, नाटक का नाम क्या है?’’

काकांना वाटलं, प्रयोगाचं नाव विचारतायत. ‘‘कांद्याचा पापुद्रा.’’

‘‘कॉमेडी है?’’

‘‘नहीं हो, आँख में पानी आता है.’’

संध्याकाळपर्यंत निम्मी सोसायटी तिकिटं मागायला वर. घोटाळा लक्षात आल्यावर काका लग्नपत्रिका कापून तिकिटं करायला बसले. स्थळ म्हणून ‘सातवीचा वर्ग’ स्वच्छ अक्षरात लिहिलं. ते कुणी वाचलं नाही, हा काही त्यांचा दोष नव्हे. तिकिटांच्या पैशांतून सूक्ष्मदर्शक आला. शनिवारी मुलांनी वर्गात खुर्च्यांच्या रांगा लावल्या. तोवर हे नाटक नव्हे, असा बोभाटा झाला होता. एकही खुर्ची भरली नाही. मीही गेले नाही. ऑफिसचं काम होतं म्हणून सांगितलं; खरं तर कंटाळा केला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. काका रागावले नाहीत. ‘‘तिकीट जपून ठेव, प्रयोग दर शनिवारी आहे,’’ एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात काका गेले. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला, ढवळल्यावरचा राहिला.

तेरावं झाल्यावर काकूंनी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी माझ्या हातात दिली. ‘‘शाळेच्या कपाटाला कुलूप नाही, म्हणून दर शनिवारी हे घेऊन जायचे नि घेऊन यायचे. तू पोचवशील?’’

शनिवारी मी गेले. पेटी ओळखून मुलांचा गलका झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने आपली वही पुढे केली. गेल्या शनिवारचं पान होतं. साहित्य : कांदा, काचपट्टी. कृती : वाट पाहिली. निरीक्षण : काका आले नाहीत. अनुमान : पुढे नुसती कोरी ओळ.

‘‘हे का नाही लिहिलंस?’’

‘‘काका बोलतात, घाई न्हाय करायची,’’ ती म्हणाली. ‘‘काका मागून येतात का?’’

शाळेला कुणी कळवलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या अंत्ययात्रेला होतो, आणि या मुलांची आठवण एकालाही झाली नव्हती. मी पर्समधलं तिकीट काढलं आणि मुलांनी आजही लावलेल्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसले. सांगणं भाग होतं. पण तिने कांदा सोलायला घेतला होता. मी थांबले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, की मग सांगावं म्हटलं.