लिनच्या आईचा सिनेमा

ड्रेस्डेनमधल्या आमच्या शनिवारच्या सिनेमामंडळाचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो! मंडळ चौघींचं. मी, माझ्या सासूबाई, खालच्या मजल्यावरची लिन आणि तिची आई. लिन सिनेमा शिकते, आई कपडे आल्टर करायचं दुकान चालवते. लिन व्हिएतनामी सिनेमे आणते आणि जर्मन सबटायटल्स वाचून मी सासूबाईंना मराठीत सांगते.

*

एका सिनेमात नायिकेला सगळे 'बाळाची आई' म्हणत होते. सासूबाईंनी विचारलं, "हिचं नाव काय गं?"

लिन म्हणाली, गावाकडे बाईला पहिल्या मुलावरूनच हाक मारतात.

"अगंबाई, आमच्यासारखंच की! मी पन्नास वर्षं संजूची आईच आहे!"

*

दुसऱ्यात नवरा लढाईवर, बायको दारात. लिन भडकली. "आमच्या सिनेमातली बाई एक तर वाट बघते, नाहीतर त्याग करते!"

तिची आई शांतपणे म्हणाली, "आल्झो, म्हणजे हे बघ, वाट बघता बघता ती शेतही कसत होती. ते कोणी शूट केलं नाही."

*

मग लिनने कॉलेजसाठी आईवरच फिल्म करायची ठरवली. आई तरुणपणी एकटी इथल्या कारखान्यात शिवणकामाला आली, ते तिने कॅमेऱ्यासमोर सांगावं, एवढीच पोरीची इच्छा. पण आई खुर्चीत टिकेचना! कॅमेरा लावला की हिला इस्त्री आठवायची. "माझ्यात काय आहे बघण्यासारखं?" शेवटी लिनला मिळाले ते नुसते तिचे हात. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मलाही फार वाईट वाटलं.

*

गेल्या शनिवारी ती फिल्म आमच्याकडे लावली. हात, सुई, कापड. गोड झालीय. शेवटी नावं आली. दिग्दर्शन, संकलन, संगीत, सगळ्यांची. आणि सर्वांत खाली, 'आई'.

आई उठली. आम्हाला वाटलं, चहा टाकायला. तर तिने खुर्ची ओढून खिडकीपाशी ठेवली आणि बसली.

"सगळ्यांची नावं आहेत. माझं कुठंय?"

लिनने फिल्म थांबवली.

"घे कॅमेरा. माझं नाव होआ. मी एकोणीस वर्षांची होते, तेव्हा इथे आले…"

पाऊण तास बोलली. मी नुसती रडत होते, सासूबाईंना मराठीत सांगायचं राहूनच गेलं.

होआ उठली. तशा सासूबाई पदर सारखा करत त्याच खुर्चीत जाऊन बसल्या.

"लिनला म्हणावं, बंद करू नकोस. माझं नाव प्रमिला."